पुढचा माणूस बसणार नाही

ओहोळ सरांनी स्वयंपाकघरातली फळी काढली तेव्हा ललिताबाई महिला मंडळाच्या प्रार्थनेला गेल्या होत्या. त्या परत आल्या तेव्हा लोणच्याच्या बरण्या जमिनीवर ओळीने मांडलेल्या होत्या, भिंतीला खिळ्यांची भोकं राहिली होती आणि नवरा अंगणात त्या फळीवर उभा राहून, दोन्ही हात पसरून, सावकाश डोलत होता. ललिताबाईंनी पर्स खुंटीला अडकवली. आधी बरण्या तपासल्या, मग नवरा.

"अहो, फळीवर का उभे आहात?"

"तोल बघतोय."

"जमिनीवर जात होता का तोल?"

जमिनीवर तोल जात नव्हता. गेला होता तो उजवा गुडघा. शाळेच्या स्नेहसंमेलनात स्टेजवर हॅलोजन लावून सर शिडीवरून उतरले, पण शेवटची पायरी अजून बाकी आहे हे त्यांच्या लक्षात आलं नाही. सर शाळेत कार्यानुभव शिकवत. म्हणजे मुलांना स्विचची जोडणी, इस्त्रीची दुरुस्ती आणि शिडी वापरताना घ्यायची काळजी. ही शेवटची गोष्ट स्टाफरूममध्ये त्यांना पुढे बरेच दिवस ऐकावी लागली. डॉक्टरांनी गुडघा दाबला, वाकवला, सरांच्या तोंडाकडे बघून पुन्हा सरळ केला आणि सांगितलं, "उभं राहायला हरकत नाही. घरातल्या घरात चाला. पण मिरवणुका काढू नका."

डॉक्टर आपले बोलायचं म्हणून बोलून गेले. समोरचा पेशंट खरोखरच मिरवणूक काढतो हे त्या बिचाऱ्यांना काय ठाऊक!

ईस्टरच्या आधीचा रविवार म्हणजे झावळ्यांचा रविवार. येशू यरुशलेमेत आला तेव्हा लोकांनी त्याच्या वाटेवर झावळ्या अंथरल्या होत्या, त्याची ही आठवण. त्या सकाळी शिरूरच्या मिशन कंपाउंडातून मंडळी हातात झावळ्या घेऊन निघतात आणि बाजारपेठेतून फिरून चर्चला येतात. सगळ्यांत पुढे एक माणूस असतो, त्याच्या हातात सगळ्यांत मोठी झावळी असते. तो जयघोष करतो, "होसान्ना!" मागून सगळे ओरडतात, "होसान्ना!" त्याच्या पुढे कोणी जायचं नाही. पाळकसाहेबांनीसुद्धा नाही. हा पुढचा माणूस म्हणजे प्रभुदास ओहोळ, केस काळे होते तेव्हापासून. शाळेत ते मुख्याध्यापक झाले नाहीत, पतसंस्थेत चेअरमन झाले नाहीत, घरात तर कसलेच काही झाले नाहीत. पण वर्षातून एक सकाळ अख्खी मंडळी त्यांच्या मागे चालायची. माणसाला तेवढं पुरतं. पण तेवढं लागतंच.

पंच कमिटीच्या बैठकीत विषय काढला तो जॉन्सनने. जॉन्सन चर्चचा तरणाबांड सेक्रेटरी, सणसवाडीच्या एका कारखान्यात सुपरवायझर. तिथे भिंतींवर जे लिहिलेलं असतं ते तो इथे येऊन बोलायचा.

"सर, सेफ्टी फर्स्ट," तो म्हणाला. "या वर्षी तुम्ही टेम्पोत बसा. पुढचं मी बघतो."

टेम्पो मिरवणुकीच्या शेवटी असतो. त्यावर लाउडस्पीकर असतो आणि आत प्लास्टिकच्या खुर्च्यांवर, ज्यांना चालवत नाही अशा आज्या बसवलेल्या असतात. आज्यांमध्ये बसणं एक वेळ सरांनी सोसलं असतं. पण 'पुढचं मी बघतो' हे शब्द त्यांना गुडघ्यापेक्षा जास्त लागले.

"मी टेम्पोत बसणार नाही."

"मग चालणार कसे, सर?"

"ते मी बघतो."

काय बघणार ते सरांनाही ठाऊक नव्हतं. लंगडत घरी येताना मात्र त्यांना एक जुना ठराव आठवला. ठराव त्यांचाच होता. फार पूर्वी, पुढचा मान जॉन्सनच्या वडिलांकडे होता तेव्हा, त्या गृहस्थांना एकदा प्रसंग हुबेहूब करण्याची हौस आली. येशू गाढवावर बसून आला होता, म्हणून त्यांनी कुंभारवाड्यातून गाढव आणलं आणि आपण वर बसले. गाढवाने बाजारपेठेपर्यंत चांगलं सहकार्य केलं. मग वर बसलेल्या स्वाराच्या हातातली झावळी अर्धी खाल्ली आणि ते घराच्या दिशेने वळलं. पुढच्या माणसाच्या पुढे कोणी जायचं नाही असा नियम असल्यामुळे सगळी मिरवणूक गात गात कुंभारवाड्यात गेली. पुढच्याच बैठकीत तरुण प्रभुदास ओहोळांनी ठराव मांडला: पुढचा माणूस बसणार नाही, उभाच असेल. ठराव एकमताने पास झाला. गाढवाच्या मालकाचंही मत त्यातच धरलं गेलं.

ठरावात चालण्याबद्दल अवाक्षर नव्हतं. पुढच्या माणसाने उभं राहायचं होतं आणि पुढे जायचं होतं, बस्स. पुण्याला त्यांची मुलगी सारा नर्स आहे. तिच्या सोसायटीत चाकं लावलेल्या फळीवर उभं राहून सुसाट जाणारा एक पोरगा सरांनी पाहिला होता आणि "पडशील" म्हणून त्याला दमही भरला होता. आता तो पोरगा त्यांना फार दूरदृष्टीचा वाटू लागला. फरक एवढाच, की तो पायाने रेटा द्यायचा. सरांकडे रेटा द्यायला गुडघा नव्हता. तेव्हा मोटर लावणं आलं.

मोटरसाठी सर दौंडला गेले. तिथे ललिताबाईंचे भाऊ रेल्वेत आहेत, आणि दौंडच्या भंगारवाल्याकडे जी वस्तू मिळत नाही ती अजून कोणी बनवलेलीच नाही असं सरांचं मत आहे. त्यांनी भंगारातून मोटारगाडीच्या रेडिएटरचा पंखा फिरवणारी मोटर काढली, एक बरी बॅटरी काढली आणि दवाखान्यातल्या ट्रॉलीची चाकं काढली. मेहुणे सगळा वेळ मागे उभे होते. "दाजी," ते शेवटी म्हणाले, "त्यापेक्षा ऑपरेशन करून घ्या. घरच्यांना तरी समजेल काय चाललंय ते." सरांनी मोटर उचलली. परतीच्या एसटीत मोटर मांडीवर घेऊन ते ताठ बसले. कंडक्टरने तिकीट फाडता फाडता विचारलं, "कशाची हाय ही मोटर?"

"गुडघ्याची," सर म्हणाले. कंडक्टर तिकीट देऊन पुढच्या सीटकडे सरकला.

गाडी तयार व्हायला मार्च उलटला. खाली ट्रॉलीची चाकं, मागच्या चाकांना सायकलची चेन, टाचेमागे बॅटरी. आता हातात झावळी असणार, तेव्हा खटका ठेवायचा कुठे? सरांनी लांब वायर घेतली आणि खटका झावळीच्या दांड्यालाच काळ्या टेपने गुंडाळला. अंगठ्याने दाबला की गाडी चालू, सोडला की बंद. या कल्पनेवर ते इतके खूश झाले की वर्गात त्यांनी फळ्यावर तिची आकृती काढून दाखवली. मोटरला दोन वेग होते. एका वेगात सर जागचे हलत नसत आणि दुसऱ्यात सर दिसत नसत. पहिला वेग त्यांनी काढून टाकला.

एवढं होईपर्यंत बातमी गावात फिरली आणि अंगणात सल्लागार जमू लागले. कुणी म्हणालं हॉर्न बसवा, कुणी म्हणालं आरसा बसवा. पोस्टातल्या एका गृहस्थांनी गाडीच्या पुढे दोरी बांधून जॉन्सनने ओढावी असं सुचवलं. त्यांना ललिताबाईंनी चहा दिला नाही. सल्ला देण्याचा खरा हक्क होता तो कंपाउंडाच्या भिंतीपलीकडच्या चांगदेव आप्पांना. आप्पा एसटीत ड्रायव्हर म्हणून रिटायर झालेले, आणि वॉर्डातल्या आंबेडकर जयंती मंडळाचे अध्यक्ष. त्यांनी कमरेवर हात ठेवून गाडीला एक फेरी मारली.

"सर, समदं हाय. ब्रेक कुठाय?"

"खटका सोडला की थांबते ना."

"थांबती म्हंजी, तिच्या मनानं थांबती. आपल्या मनानं थांबायला ब्रेक लागतो."

"आप्पा, ही काय एसटी आहे का?"

"एसटी न्हाई म्हणून तर इचारतोय. एसटीला लोक बाजूला तरी व्हत्यात."

सरांना हे बोलणं अडाणीपणाचं वाटलं आणि त्यांनी लगेच भिंतीपलीकडच्या बोळात गाडी लावून खटका दाबला. त्या बोळात आप्पांच्या मंडळींनी, म्हणजे भागुबाईंनी, जुनी लुगडी अंथरून कुरडया घातल्या होत्या. नुकत्याच घातलेल्या, ओल्या, पांढऱ्याशुभ्र. सर आले आणि सर गेले. मागे कुरडयांच्या मधोमध एक सरळ पट्टा उमटला आणि सर बोळाच्या टोकाला असलेल्या शेणीच्या ढिगाला जाऊन थांबले. गाडी खरोखरच तिच्या मनाने थांबली होती.

"वो सर!" भागुबाई पदर खोचत बाहेर आल्या. "शिकल्यालं मानूस तुमी! गहू भिजवला, वाटला, चीक काढला, हात भाजस्तवर हाटला, आन् तुमी त्यातनं मोटार घातली व्हय?"

"मोटार नाही वहिनी," सर शेणीतून उठत म्हणाले, "फळी आहे."

"फळी भिताडाला आसती!"

भिंतीपलीकडून ललिताबाईंचा आवाज आला, "हेच मी सांगत होते."

त्या संध्याकाळी आप्पांनी न बोलता टायरचा एक तुकडा आणला आणि टाचेने दाबायचा ब्रेक बसवून दिला. सरांनीही न बोलता तो बसवू दिला. कुरडयांची भरपाई म्हणून ललिताबाईंनी दुसऱ्या दिवशी भागुबाईंकडे जाऊन चीक हाटून दिला. तिथे दोघींनी आपापल्या नवऱ्यांबद्दल बोलून घेतलं, आणि तेव्हापासून भिंतीच्या दोन्ही बाजूंना सरांच्या गाडीचं एकच नाव झालं: सवत.

कारण सर तिचं फार करायचे. सकाळी उठून आधी बॅटरीत पाणी, मग चहा. चेनला ललिताबाईंच्या शिवणयंत्राचं तेल. चाकांच्या दांड्यांवर रस्त्यातले दोरे, केस, सुतळीचे तुकडे गुंडाळले जात. ते सर रोज चष्मा लावून चिमट्याने उपसून काढायचे आणि म्हणायचे, "एवढासा दोरा, पण मोठी मोटर अडवतो बघ." हे वाक्य ध्यानात ठेवा. सरांनी ठेवलं नाही. बॅटरीच्या ॲसिडने त्यांच्या पँटीला नेमक्या नको त्या जागी भोक पाडलं, तिथे ललिताबाईंनी वेगळ्या रंगाचं ठिगळ लावून सूड उगवला. चार्जिंगचा प्रश्न तर रोजचाच. लाईट जायची वेळ बोर्ड ठरवायचं आणि यायची वेळ कोणीच ठरवायचं नाही. लाईट आली की सर शाळेतून कोणाला न सांगता घरी यायचे, प्लग लावायचे आणि खडू घेऊन परत जायचे.

मग पोलिसांचं प्रकरण उभं राहिलं. मिरवणुकीची परवानगी दरवर्षी मिळायची, कोणी काही विचारायचं नाही. या वर्षी अर्ज जॉन्सनने लिहिला, आणि सेफ्टी फर्स्ट म्हणून त्यात घातलं: 'सोबत एक विजेवर चालणारी फळी.' लगेच बोलावणं आलं, फळीसह. जयसिंग हवालदारांनी ती टेबलावर ठेवायला लावली आणि चारी बाजूंनी न्याहाळली.

"ही गाडी हाय का?"

"नाही. फळी आहे."

"फळीला मोटर कशापायी?"

"पुढे जायला."

"मग गाडीच झाली की. पासिंग कुठाय? नंबर कुठाय?"

"गाडीला सीट असते," सर म्हणाले. "हिला सीट आहे का? हिच्यावर बसता येत नाही. मुळात बसायचंच नाही, असा आमचा ठराव आहे."

हवालदारांनी थोडा विचार केला. "मग खेळणं हाय का?"

सरांचा चेहरा लाल झाला. सत्तावन्न वर्षांचा माणूस, कार्यानुभवाचा शिक्षक, रस्त्यावर खेळणार? हवालदारांनाही ते बरं दिसेना. त्यांनी दुसरा तोडगा काढला. अपंगांच्या सायकलीत ही फळी बसवता येईल, डॉक्टरांचा दाखला आणा.

"मी अपंग नाही," सर म्हणाले. "माझा गुडघा दुखतो. दोन्हींत फरक आहे. अपंग असतो तर लाज वाटली नसती. नसताना दाखला आणायची लाज वाटते."

जयसिंग हवालदार माणूस वाईट नव्हता. गाडी नाही, खेळणं नाही, सायकल नाही, अशी वस्तू रस्त्यावर जाऊ द्यायची तरी कशी, ही त्याची अडचण होती. शेवटी त्याला गणपतीची मिरवणूक आठवली आणि त्याचा चेहरा उजळला. त्याने परवानगीत लिहिलं: 'देखावा, एक. सजीव.' खाली अटही घातली, देखावा रस्त्यात थांबवता येणार नाही.

देखावा! सर फळी काखेत मारून बाहेर पडले ते आतून धुमसतच. पाळकसाहेबांनंतर ज्याचा मान, त्याला सरकारने गणपतीपुढच्या हलत्या राक्षसात जमा केलं होतं. दारात जॉन्सन उभा होता. "सर, अजून वेळ गेली नाही. टेम्पोत तुमची खुर्ची ठेवलीय."

"त्या खुर्चीवर लाउडस्पीकर ठेव," सर म्हणाले.

आणि मग सर इरेला पेटले. दरवर्षी झावळ्या निमोण्याच्या ओढ्याकाठच्या शिंदीच्या येत. या वर्षी सरांनी दुप्पट सांगितल्या. चर्चच्या गल्लीत, कोपऱ्यापासून फाटकापर्यंत, वाटेवर झावळ्या अंथरायची रीत आहे. मंडळींतल्या बाया पहाटे येऊन अंथरतात आणि त्यांच्यावर पहिलं पाऊल पुढच्या माणसाचं पडतं. सरांनी शनिवारी स्वतः जाऊन बजावलं, "गालिचा दिसला पाहिजे. डांबर दिसता कामा नये."

रविवारी सर लग्नातला कोट घालून निघाले. एप्रिलच्या उन्हात कोट घालणारा माणूस कोणत्या मनःस्थितीत असतो ते ललिताबाईंना कळलं. त्यांनी त्यांचा टाय नीट केला आणि सांगितलं, "पडलात तर मी उचलणार नाही."

"उचलायला सांगितलंय कोणी?"

कंपाउंडाच्या फाटकात सर फळीवर चढले. मागे मंडळी, शेवटी टेम्पो. सरांनी झावळी उंच धरली, "होसान्ना!" म्हणाले आणि अंगठा दाबला. मंडळींनी "होसान्ना" म्हणेपर्यंत सर दूध डेअरीपर्यंत पोचले होते. त्यांनी ब्रेक दाबला आणि थांबले. मंडळी धावत आली. पुन्हा "होसान्ना," पुन्हा अंगठा, पुन्हा सर पुढे, पुन्हा मंडळी धावत. मिरवणूक अशी हिसक्या हिसक्याने पुढे सरकू लागली. गाणं संथ चालीचं होतं, पण धावताना लोक ते भरभर म्हणू लागले आणि थांबल्यावर धापा टाकत हळू. मागे टेम्पोचा ड्रायव्हर प्रत्येक हिसक्याला ब्रेक मारायचा आणि आज्या खुर्च्यांसकट पुढे यायच्या, गाडी निघाली की मागे जायच्या. पाळकसाहेबांचा झगा त्यांच्या पायांत येत होता. त्यांनी तो हाताने उचलून धरला आणि तेही पळू लागले.

बाजारपेठ बाहेर आली. किराणावाले, न्हावी, अर्धी दाढी झालेली गिऱ्हाइकं. ज्या प्रभुदास ओहोळांना या बाजाराने आजवर मान वर करून पाहिलं नव्हतं, ते कोट घालून, छाती काढून, पाय न हलवता बाजारातून चालले होते. कुणीतरी टाळ्या वाजवल्या. सरांनी मान किंचित झुकवली आणि अंगठा दाबला. तेवढा वेळ त्यांना गुडघा नव्हताच. मनातून फार सुख वाटत होतं त्यांना, आणि ते तोंडावर दिसू नये म्हणून ते फार गंभीर झाले होते.

चर्चच्या गल्लीचा कोपरा आला. गल्ली हिरवीगार दिसत होती. डांबर कुठेही दिसत नव्हतं. सरांचं मन भरून आलं. त्यांनी सगळा जीव एकवटून आरोळी दिली, अंगठा दाबला आणि गालिच्यावर गाडी घातली.

रोज चिमट्याने दोरे उपसणारा माणूस, वर्षानुवर्षं या गल्लीत झावळ्या तुडवणारा माणूस, स्वतः दुप्पट झावळ्या मागवणारा माणूस. पण शिंदीची झावळी आणि सायकलची चेन या दोन गोष्टी त्याच्या डोक्यात कधी शेजारी आल्याच नाहीत. पहिल्या झावळीचं टोक चेनीत गेलं. दुसरी दांड्याला गुंडाळली. तिसरी, चौथी, पाचवी तिच्या मागोमाग आत गेली. गाडीखालून खरवड काढल्यासारखा आवाज आला, मोटर कण्हली, जळका वास आला आणि गाडी गल्लीच्या तोंडाशी थांबली. फाटक समोर दिसत होतं.

सरांनी अंगठा दाबला. मग जोरात दाबला. मग झावळी हलवून बघितली.

मागून मंडळी आली आणि थांबली. पुढच्या माणसाच्या पुढे जायचं नाही. टेम्पो थांबला, त्याच्या मागे दोन एसट्या आणि एक उसाचा ट्रॅक्टर थांबला. कोपऱ्यावर उभे असलेले जयसिंग हवालदार शिट्टी वाजवत आले.

"सर, देखावा थांबवायचा न्हाई आसं लिवलंय!"

"थांबवला नाही. बिघडला. बिघडायचा नाही असं कुठं लिहिलंय?"

हवालदारांनी खिशातला कागद काढून खरंच वाचला. तेवढ्यात जॉन्सन गर्दीतून वाट काढत पुढे आला. तो चिडवायला आला नव्हता, हेच वाईट होतं. त्याचा स्वर मऊ होता.

"सर, पुरे आता. झावळी द्या माझ्याकडे. टेम्पोत बसा."

ऊन चढलं होतं. कोटाच्या आत पाण्याच्या धारा लागल्या होत्या. गुडघा परत आला होता, आणि एवढा वेळ ताठ उभा राहिल्याचं सगळं उट्टं काढत होता. फाटकापर्यंतचं अंतर आपल्याला चालवणार नाही हे सरांना कळत होतं. झावळी एकदा हातातून गेली की पुढच्या वर्षी ती परत मागता येणार नाही, हेही कळत होतं. काहीजण उगाच चर्चच्या घंटेकडे बघत होते.

"पुढचा माणूस बसणार नाही," सर म्हणाले.

"अहो, पण..."

"ठराव आहे. बदलायचा असेल तर बैठक बोलाव. तोवर मी इथं उभा आहे."

आणि सर बंद पडलेल्या फळीवर, झावळी वर धरून, खरंच उभे राहिले. आवाज फाटला होता तरी त्यांनी ओरडून घेतलं, "होसान्ना!" मागून कुणी उत्तर दिलं नाही. मग मागच्या बाजूने, अगदी शेवटून, एक बारीक चिरका आवाज आला, "होसान्ना!"

तो टेम्पोतून आला होता. क्रिस्टीना आजी खुर्चीवरून उठून उभ्या राहिल्या होत्या. मंडळींत सगळ्यांत वयस्कर, गालाची हाडं वर आलेल्या, आणि हिसक्यांमुळे पदर गळ्यात आलेल्या.

"मला खाली उतरव," त्या ड्रायव्हरला म्हणाल्या.

"आजी, बसा, ऊन हाय."

"दरसाल मला मालासारखं गाडीत भरता तुम्ही. तो बसत नाही, मग मी का बसू? उतरव म्हणते ना!"

क्रिस्टीना आजी उतरल्या. त्या उतरल्यावर बाकीच्यांनी काय म्हणून मागे राहावं? एकीचा हात दुसरीच्या खांद्यावर, अशी ती सगळी जुनी मंडळी गर्दीतून वाट काढत पुढे आली आणि सरांच्या मागे उभी राहिली. कुणी काही ठरवलं नाही. आजींनी आपले दोन्ही हात सरांच्या कोटावर ठेवले आणि रेटा दिला.

गाडी हलली नाही. चाकांत झावळ्या घट्ट बसल्या होत्या.

"व्हा बाजूला!" चर्चच्या भिंतीकडून भागुबाई आल्या. त्या आणि आप्पा सकाळपासून तिथे तमाशा बघायला उभे होते. बायांनी पहाटे झावळ्या छाटायला आणलेला विळा हातात होता. सरांच्या पायाशी बसून त्या झावळ्या सपासप कापू लागल्या, आणि प्रत्येक कापाबरोबर त्यांचं बोलणं चालू होतं. "कुरडयातनं जाती, शेणीतनं जाती, आन् झावळीला अडती व्हय गं सवते?"

चाकं मोकळी झाली. मोटर कायमची गेली होती. तेव्हा सरांच्या पाठीवर ओळखीचा हात पडला.

"ललिता," सर वळून न बघता म्हणाले, "तू म्हणाली होतीस..."

"उचलणार नाही म्हणाले होते. ढकलणार नाही असं म्हणाले नव्हते. पुढे बघा आणि ओरडा."

सर ओरडले. या वेळी मागून जे उत्तर आलं त्याने ट्रॅक्टरवरचा ड्रायव्हर दचकून उठला. फळी निघाली. चालण्याच्या वेगाने, एकाही हिसक्याशिवाय. त्या सकाळी मिरवणूक प्रथमच मिरवणुकीसारखी चालली, आणि गाणं त्याच्या चालीत आलं. मागे टेम्पो रिकामाच येत होता. त्यातल्या खुर्च्या पडू नयेत म्हणून कुणीतरी धरून बसायला हवं होतं, आणि सेफ्टी फर्स्ट म्हणून जॉन्सनला टेम्पोत बसावं लागलं.

फाटकात सर फळीवरून उतरले तेव्हा चांगदेव आप्पांनी ती उचलून काखेत घेतली.

"सर, उद्या आमची जयंती. मोटर बघतो मी कुठनं तरी. गाडी आमच्या मिरवणुकीला द्याल का?"

"कोण उभं राहणार?"

आप्पांनी इकडेतिकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. "क्लच दाबून दाबून माझा बी डावा गुडघा गेलाय. भागूला म्हाईत न्हाई. आन् आमच्यात झावळ्या नसत्यात."

"न्या," सर म्हणाले. "पण ब्रेक तपासा."

चर्चमध्ये घंटा झाली. पाळकसाहेबांनी झगा खाली सोडला, श्वास सावरला आणि सगळ्यांना उभं राहायला सांगितलं. लहानथोर, आज्यासुद्धा, सगळे उभे राहिले. पहिल्या बाकावर एकटे प्रभुदास ओहोळ बसून राहिले. गुडघा आता दरवाजाच्या कडीसारखा अडकला होता आणि त्यांनी त्याला उठायला सांगितलंही नाही. कोट मांडीवर, कोटावर चुरगळलेली झावळी, झावळीला अजून तो खटका.

गाणं संपता संपता जॉन्सन वाकून त्यांच्या कानाशी आला. टेम्पोच्या धुळीने त्याचे केस पांढरे झाले होते.

"सर," तो हळूच म्हणाला, "पुढच्या वर्षी?"

"पुढच्या वर्षी," सर बसल्या जागेवरून म्हणाले, "झावळ्या माझ्या मागे टाकायच्या. पुढे नाही."